स्टिअरिंग जड झालं? आधी तेलाचा हिशोब पाहा



आपल्या बचत गटांच्या बैठकीत पूर्वी कर्ज मागितलं जायचं ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर मिरची कांडपासाठी. आता त्यात गाडीची भर पडली आहे. मसाला, पापड, तांदूळ घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजारात जायचं, नाहीतर कराडला प्रदर्शनात स्टॉल लावायचा, तर दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून काही गटांनी मिळून जुन्या डिझेल गाड्या घेतल्या. आपल्यातल्या काहीजणींनी लायसन्स काढलं, काहीजणी आज सफाईने घाट उतरतात. पण बोनेट उघडलं की आपण अजूनही दोन पावलं मागे सरतो आणि म्हणतो, "ते मिस्त्री बघतील."

आज मला बोनेटखालच्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ती म्हणजे तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग. ते बिघडायच्या आधी बऱ्याचदा बरेच दिवस सांगत असतं. कधी आवाजाने, कधी तेलाच्या रंगाने, कधी जमिनीवरच्या डागाने. ते ऐकायला मिस्त्री असावं लागत नाही. दहा मिनिटं, एक स्वच्छ फडकं आणि एक वही एवढं पुरतं.

आपल्या गाडीत कोणतं स्टिअरिंग आहे?

सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग सारखं नसतं. अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग असतं. त्यात तेल नसतं, त्यामुळे आजचं बोलणं त्या गाड्यांना लागू नाही. जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा मोठ्या गाड्यांत मात्र तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग पाहायला मिळतं. गटांनी घेतलेल्या जुन्या गाड्या बहुतेक याच जातीच्या आहेत.

ओळखायचं कसं? बोनेट उघडा. इंजिनाच्या बाजूला साधारण तांब्याएवढी एक डबी शोधा. तिच्या झाकणावर स्टिअरिंग व्हीलचं चित्र किंवा तसा मजकूर असतो. ब्रेक ऑईलची डबी वेगळी असते. ती ड्रायव्हरच्या पुढे, काचेच्या जवळ असते. या दोन डब्यांची गल्लत अजिबात होऊ द्यायची नाही. का, ते पुढे सांगते.

आत काय घडतं

इंजिन चालू झालं की त्याच्यावरचा पट्टा फिरतो, जसा गिरणीत मोटरवरून दगडाकडे जाणारा पट्टा फिरतो तसा. तो पट्टा एक छोटा पंप फिरवतो. पंप डबीतलं तेल ओढतो आणि जाड पाईपातून खाली स्टिअरिंगच्या रॅककडे ढकलतो. काही गाड्यांत रॅकऐवजी बॉक्स असतो. आपण चाक डावीकडे फिरवलं की दांड्याच्या टोकाची एक बारीक पोलादी कांडी किंचित पिळली जाते. त्या पिळाने झडप उघडते आणि तेल नेमक्या बाजूला जाऊन आतला दट्ट्या ढकलतं. म्हणजे जोर लावतं तेल, आपण फक्त दिशा सांगतो. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी करायला जो जॅक असतो, तोही तेलाच्याच दाबावर उठतो. तत्त्व एकच.

दाब किती असतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते. गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना या तेलाचा दाब १,००० पीएसआयच्याही वर जातो. एवढा दाब सोसणारे पाईप आणि रबरी सील वर्षानुवर्षं गरम-गार होतात, त्यांच्यावर चिखल आणि धूळ बसते. ते कधीतरी थकणारच.

काम झालं की तेच तेल दुसऱ्या पाईपाने परत डबीत येतं. आजच्या बोलण्यात एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल: हे तेल फिरतं, खर्च होत नाही.

आपल्या गटातलं अंतर्गत कर्ज आठवा. पैसा या मैत्रिणीकडून त्या मैत्रिणीकडे फिरतो आणि परत पेटीत येतो. पेटीत कमी भरला, तर आपण "संपला असेल" म्हणून गप्प बसत नाही. वही उघडतो आणि कुठे अडकला ते शोधतो. या तेलाचं तसंच आहे. डिझेल जळतं, इंजिन ऑईलही थोडं जळू शकतं, पण स्टिअरिंगचं तेल जळायला जागाच नाही. पातळी खाली गेली याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडलं. वरून ओतत राहणं म्हणजे पेटीत घरचे पैसे टाकून हिशोब जुळवल्यासारखं. त्या दिवसापुरता जुळतो, गळती तशीच राहते.

पंधरा दिवसांतून एकदा: इंजिन बंद असताना

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. किल्ली काढून आपल्या कमरेला लावा, म्हणजे आपण वाकलेल्या असताना कुणी गाडी चालू करणार नाही. पदर खोचा, ओढणी बाजूला ठेवा, वेणी वर बांधा, बांगड्या मागे सारा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून हात पंख्यापासून लांबच ठेवा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पहिलं काम, पातळी. डबी पांढरट असेल तर बाहेरूनच तेल दिसतं. कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. काही डब्यांवर गार आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात, कारण गरम तेल फुगतं. सकाळी गाडी काढायच्या आधी पाहिलंत तर गार खूण बघा. लांबून आल्यावर पाहिलंत तर गरम खूण बघा. काही डब्यांच्या झाकणालाच काडी असते. ती पुसून परत घालायची आणि काढून पाहायची. झाकण उघडायच्या आधी त्यावरची धूळ फडक्याने नीट पुसून घ्या. आत गेलेला वाळूचा कण पंप आणि सील दोन्ही घासतो.

दुसरं, रंग आणि वास. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. बऱ्याच गाड्यांत हे तेल लाल असतं, सरबतासारखं स्वच्छ दिसतं. वापरून ते थोडं गडद होतं, त्यात घाबरायचं काही नाही. पण रंग काळपट तपकिरी झाला, करपल्याचा वास आला, तर तेल म्हातारं झालं. थेंबात चमचमणारी बारीक कणी दिसली तर आतला धातू झिजतो आहे. फेस किंवा ताकासारखा पांढुरकेपणा दिसला तर तेलात हवा किंवा पाणी शिरलं आहे. शेवटच्या दोन्ही बाबतींत गाडी लवकर मिस्त्रीला दाखवा.

तिसरं, पट्टा. त्याच्यावर भेगा, सुटलेले धागे किंवा आरशासारखी चमक आहे का ते बघा. चमक म्हणजे पट्टा घसरतो आहे. तेल किंवा पाणी सांडून पट्टा ओला झाला असेल तर तोही घसरतो. अंगठ्याने पट्ट्याच्या मधोमध दाबून पाहा. थोडा दबावा, लोंबकळू नये. नेमका किती दबावा हे गाडीच्या पुस्तकात असतं. काही गाड्यांत पट्टा आपोआप ताणून धरणारी पुली असते, तिथे आपण फक्त भेगा पाहायच्या.

चौथं, पाईप. डबीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून खालपर्यंत नजर फिरवा. जिथे पाईपाला क्लिप आहे किंवा रबर लोखंडात दाबून बसवलं आहे, तिथे ओल असते. ओलसर जागी धूळ चिकटून काळा लेप झालेला दिसतो. जुना वाळलेला लेप आणि ताजी ओल यांत फरक करता यावा म्हणून ती जागा पुसून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. पाईप फुगलेला, चिरलेला किंवा हाताला मऊ पडलेला लागला तर त्याचे दिवस भरले.

पाचवं, पुठ्ठा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे, कारण ती कुणालाही जमते. रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. त्यावर पुढचं चाक कुठे, डबी कुठे याच्या खुणा पेनाने करा. सकाळी डाग पाहा. लाल, चिकट डाग असेल तर बहुधा स्टिअरिंगचं तेल. काळा-तपकिरी असेल तर इंजिन ऑईल. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखा पातळ असेल तर रेडिएटरचं पाणी. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको. डाग कुठे पडला त्यावरून गळती कुठून आहे याचा अंदाज येतो. फक्त तेल पाईपावरून ओघळत पुढे जाऊन पडू शकतं, म्हणून डागाच्या सरळ वर पाहून भागत नाही. ओल वर कुठपर्यंत आहे ते शोधायचं. सगळ्यात वरची ओली जागा तीच गळतीची जागा, असा साधारण नियम आहे.

सहावं, रबरी बूट. ज्या गाड्यांत रॅक आहे, तिथे त्याच्या दोन्ही टोकांना पंख्याच्या घड्यांसारखे घड्यांचे रबर असतात. आपल्याकडे दगड, चिखल, भाताच्या खाचरांतून जाणारे रस्ते. बूट फाटला की चिखलाचं पाणी आत जातं, रॅकच्या दांड्याला गंज चढतो, आणि तो खरखरीत दांडा आतलं सील कापतो. बूट ही स्वस्त वस्तू आहे, रॅक महाग. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बूट पाहायलाच हवेत. बूट दाबल्यावर आतून तेल ओघळलं तर मात्र रॅकचं सील गेलं आहे, हे नक्की समजा.

इंजिन चालू करून

आता एकीने ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं, दुसरीने बाहेर उभं राहायचं. बाहेरचीने बोनेटमध्ये हात घालायचा नाही, फक्त ऐकायचं आणि पाहायचं. जाड पाईपाची गळती इंजिन चालू असताना बोटाने चाचपायची तर मुळीच नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते. ती जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण आतून गंभीर असते. तसं कधी झालंच तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

चाक सरळ ठेवा. स्टिअरिंग दोन बोटांनी अलगद डावी-उजवीकडे हलवा. टायर हलायच्या आधी ते किती फिरतं, त्याला मिस्त्री 'प्ले' म्हणतात. बऱ्याच गाड्यांत कडेला मोजून ३० मिलिमीटरच्या आत, म्हणजे साधारण दोन बोटांएवढा प्ले चालतो. त्याहून जास्त असेल तर टायरॉड एंड, बॉल जॉइंट किंवा दांड्याचा सांधा सैल झाला आहे. ती गोष्ट तेलाने सुधारत नाही आणि पुढे ढकलायची नाही, कारण सांधा निखळला तर चाक आपल्या हातात राहत नाही.

मग स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे सारखं हलकं लागलं पाहिजे. मध्येच जड, मध्येच हलकं लागलं तर पट्टा घसरतो आहे किंवा तेलात हवा आहे. आता आवाज ऐका.

गुरगुरल्यासारखा, वळवल्यावर वाढणारा आवाज म्हणजे तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. डबीतली जाळी कचऱ्याने तुंबली असेल तरी असाच आवाज येतो. कानठळ्या बसवणारी किंचाळी पट्ट्याची. खट-खट आवाज खालच्या सांध्यांचा. थंडीत पहाटे पहिलं मिनिटभर थोडी गुरगुर होते, कारण तेल गारठून घट्ट होतं. ती लगेच थांबली तर चिंता नको. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेल्यावर हलकी सुस्स ऐकू येते, तीही चालते. पण टोकाला दाबून ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. त्या वेळी दाब सगळ्यात जास्त असतो आणि तेल भराभर तापतं. गाडी वळवून घेताना उभ्या गाडीत चाक करकचून फिरवण्यापेक्षा गाडी किंचित सरकती ठेवून फिरवा. पंप, पट्टा, टायर सगळ्यांचंच आयुष्य वाढतं.

आणि हे सगळं करायच्या आधी टायरमधली हवा तपासा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की कोणतंही स्टिअरिंग जड लागतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा आणि अलाइनमेंट बघायची. पंपाला दोष नंतर द्यायचा.

तेल कोणतं घालायचं

झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घालायचं. बऱ्याच गाड्यांत एटीएफ नावाचं लाल तेल चालतं, डेक्स्रॉन हे त्याचं मानक. पण काही गाड्यांना वेगळं, हिरव्या रंगाचं तेल लागतं. दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. "तेल ते तेल" म्हणून घरात पडलेलं इंजिन ऑईल ओतायचं नाही.

आता त्या दोन डब्यांबद्दल. ब्रेक ऑईल स्टिअरिंगच्या डबीत गेलं तर आतले रबरी सील खराब होतात. स्टिअरिंगचं तेल ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकचे रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. चुकून असं ओतलं गेलं तर गाडी चालूच करायची नाही, मिस्त्रीला तिथेच बोलवायचं.

तेल कमाल रेषेच्या वर भरू नका. गरम झाल्यावर ते झाकणातून बाहेर येतं, पट्ट्यावर सांडतं, आणि गरम सायलेन्सरच्या पाईपावर पडलं तर पेट घेण्याचाही धोका असतो.

बाजारात गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या म्हाताऱ्या सीलला थोडे दिवस फुगवतात. फुटलेला पाईप किंवा सैल क्लिप त्याने बरी होत नाही.

तेल बदलायचं कधी, याची अट काही गाड्यांच्या पुस्तकात असते, काहींच्या नसते. नसेल तर रंग आणि वास यांवर जायचं. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि मागचा इतिहास माहीत नसेल, तर एकदा बदलून घेतलेलं चांगलं. सोपा मार्ग असा: मोठ्या सिरिंजने डबीतलं जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, थोडं चालवायचं, पुन्हा काढायचं, भरायचं. असं तीन-चार वेळा केलं की बहुतेक जुनं तेल निघून जातं. पाईप सोडून पूर्ण तेल काढायचं असेल तर ते गॅरेजमध्येच करा. त्यानंतर आतली हवा काढावी लागते. पुढची चाकं उचलून घोड्यावर टेकवतात, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवतात आणि डबीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत तेल भरत राहतात. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा करतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीनेही नाही.

काढलेलं तेल गटारात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथे जुनं ऑईल गोळा करणारे येतात.

वाटेत स्टिअरिंग जड झालं तर

समजा घाटात वळणावर पट्टा तुटला. हाताला एकदम वाटतं की स्टिअरिंग लॉक झालं. पण ते लॉक झालेलं नसतं. चाक आणि टायर यांच्यातला लोखंडी सांधा तसाच असतो, फक्त तेलाची मदत थांबलेली असते. म्हणून पहिली गोष्ट, हात सोडायचे नाहीत. दोन्ही हातांनी घट्ट धरून जोर लावायचा, गाडी वळते. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, वेग कमी करायचा, सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे. आपल्या गटातल्या एकीवर हा प्रसंग आला होता. मागे मालाच्या गोणी, शेजारी दोन बायका. तिला हे आधी कुणीतरी समजावून सांगितलेलं होतं, म्हणून ती घाबरली तरी हात सोडले नाहीत. गाडी कडेला लागली, कुणाला खरचटलंही नाही.

तशीच गाडी हळूहळू घरी नेता येईल का? काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो आणि रेडिएटरचा पाण्याचा पंपही असतो. पुढच्या काट्यांजवळ बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन तापून बंद पडण्याआधी थांबायचं. डबीत तेलच नसेल, तर पंप कोरडा फिरून जळतो. तेव्हाही थांबायचं.

आणि ही एक गोष्ट मी हात जोडून सांगते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, स्टिअरिंग जड. ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोनदा दाबल्यावर संपते. किल्ली काढली तर स्टिअरिंग खरोखरच लॉक होतं. घाटात वाचलेलं ते डिझेल कुणाच्याही जिवाएवढं मोलाचं नाही. घरातले पुरुष असं करत असतील तर त्यांनाही सांगा.

गॅरेजमध्ये बोलताना

एका गटाची गाडी गुरगुरायला लागली, दर आठवड्याला तेल कमी होऊ लागलं. एका गॅरेजमध्ये सांगितलं, पूर्ण रॅक बदलावा लागेल. खर्च ऐकून गटात शांतता पसरली, कारण कर्जाचे दोन हप्ते त्यात गेले असते. बायकांनी त्या रात्री पुठ्ठा ठेवला. डाग रॅकच्या खाली नव्हता, डबीच्या खाली होता. बूट दाबून पाहिले, कोरडे. दुसऱ्या मिस्त्रीला त्यांनी तेच दाखवलं. परत येणाऱ्या पाईपाचं टोक चिरलं होतं आणि क्लिप सैल होती. तेवढा पाईप आणि क्लिप बदलली, तेल भरलं, हवा काढली. गुरगुर थांबली.

प्रत्येक वेळी असं स्वस्तात सुटेल असं नाही. कधी रॅक खरंच गेलेला असतो. आणि मिस्त्री फसवतातच असंही नाही, घाईत तेही अंदाजाने बोलतात. पण आपण "गाडी आवाज करते" एवढंच सांगितलं तर अंदाज त्यांचा आणि खर्च आपला. त्याऐवजी असं सांगा: "दादा, पंधरा दिवसांत तेल एक बोट खाली गेलं. वळवल्यावर गुरगुरतं. पट्टा कोरडा आहे. डाग डबीच्या खाली पडतो." मग तीन प्रश्न विचारा. गळती कुठे आहे ते मला दाखवता का? हा भाग दुरुस्त होतो की बदलावाच लागतो? जुना भाग मला परत मिळेल ना? तेलाचा डबा समोर फोडायला सांगा आणि बिल लेखी घ्या. हे विचारल्याने चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट मन लावून काम करतो.

वही

गटाच्या गाडीला एक वही ठेवा. चार रकाने पुरेत: तारीख, किलोमीटर, तेलाची पातळी, किती घातलं. शेवटी शेऱ्याला थोडी जागा ठेवा. तपासणी करणारीने सही करायची. गाडी एकीच्या नावावर असली तरी तपासणी आळीपाळीने करा, म्हणजे चालवत नाही तिलाही बोनेट उघडता येईल.

सहा महिन्यांनी वही चाळून बघा. पातळीचा रकाना सारखाच असेल तर स्टिअरिंग ठणठणीत आहे. आकडा हळूहळू उतरत असेल तर गळती लहान आहे, तोवरच धरा. एकदम उतरला असेल तर गाडी घाटात नेऊ नका, आधी गॅरेज. क्लिप, पाईपाचा तुकडा, बूट, पट्टा या सगळ्यांचा खर्च पंप किंवा रॅकच्या मानाने किरकोळ आहे. लहान वस्तू वेळेवर बदलली की मोठी वाचते.

मैत्रिणींनो, पैशाची वही लिहायला शिकलो तेव्हा आपल्याला बँकेत मान वर करून बोलता आलं. गाडीची वही लिहिली की गॅरेजमध्येही तसंच बोलता येईल. येत्या बैठकीला गाडी बाहेर उभी असेलच. बैठक संपली की दोघीतिघींनी मिळून बोनेट उघडा, डबी शोधा, पातळी पाहा आणि वहीत पहिली ओळ लिहा.